वाऱ्याकडे पाठ

समोर उभं राहून बघितलं तर आमच्या पवनचक्कीची पाती घड्याळाच्या उलट फिरत. मागे जाऊन बघितलं तर घड्याळासारखी. पाती तीच, आस तोच, वारा तोच. एवढी गोष्ट ज्याला शाळेत जाऊन शिकावी लागते त्याच्या आईनं त्याला दूध कमी पाजलं असणार, असं मी एव्हर्टला तोंडावर म्हटलं होतं.

एव्हर्ट आमच्याकडे लपून होता. जर्मनांचं राज्य येऊन तीन वर्षं झाली होती. त्यांच्या कारखान्यांत राबायला नकार देणाऱ्या विद्यार्थ्यांची धरपकड चालली होती. विद्यापीठात ग्रहताऱ्यांचं शिकणारा, काडीसारखा, चष्म्याची एक काच तडकलेला हा पोरगा पाद्रीबाबांच्या ओळखीनं फ्रीजलंडच्या आमच्या सखल मुलखात येऊन पडला. वोबे, म्हणजे माझा मुलगा, म्हणाला, "आई, थोडे दिवस." मी म्हटलं, "तुझी मोठी आत्याही थोडे दिवस म्हणूनच आली होती. इथूनच कबरस्तानात गेली."

पण ठेवून घेतला. घरात आम्ही दोघंच. वोबे चाळिशीचा, बिनलग्नाचा. लग्न त्याचं लागलं होतं ते चक्कीशी. त्याच्या खापरपणज्यानं ती उभी केलेली, विटांचा पाया, वर बोरूनं शाकारलेलं लाकडी अंग आणि डोक्यावर वाऱ्याकडे वळणारी टोपी. टोपीच्या मागे लांब तुळयांचं शेपूट जमिनीपर्यंत उतरलेलं, आणि शेपटाच्या टोकाला रहाट. रहाटाला साखळी गुंडाळायची, जोर लावायचा, की वर सगळी टोपी पात्यांसकट कुरकुरत वाऱ्याला तोंड देते. नवरा गेल्यावर तो रहाट मी एकटीनं ओढलेला आहे, पोटुशी असताना. मला कुणी चक्कीचं शिकवायला येऊ नये.

दिवसा एव्हर्ट पश्चिमेकडच्या तळ्यात, बोरूच्या रानात, होडीत पालथा पडून असे. अंधारायला लागलं की घरी येई, जेवे, आणि पिठाच्या पोत्यांमागे झोपे. यायचं की नाही ते त्याला चक्की सांगे. आमच्याकडे चक्क्या बोलतातच. लग्न असलं की पाती एका तऱ्हेनं थांबवायची, मयत असलं की दुसऱ्या, आणि सगळा मुलूख वाचतो. एव्हर्टला मात्र तळ्यातून पात्यांची नुसती काळी आकृती दिसायची. समोरची बाजू की मागची, तेही कळायचं नाही. म्हणून वोबेनं सोपं ठरवून दिलं होतं. वरचं पातं दक्षिणेला, चर्चच्या मनोऱ्याकडे झुकलेलं असेल तर ये. उत्तरेला, मनोऱ्यापासून लांब झुकलेलं असेल तर येऊ नकोस. वारा कुठलाही असो, टोपीचं तोंड कुठेही असो, रोज संध्याकाळी वोबे पातं चर्चच्या हिशोबानं लावून ठेवी.

त्या हिवाळ्यात ताकातली जवाची पेज खाऊन झाली की एव्हर्ट आम्हाला ग्रह शिकवी. फुकटचं खातो म्हणून त्याला लाज वाटायची, आणि त्याच्याजवळ द्यायला दुसरं काही नव्हतं. त्यानं माझी विणायची सुई एका सलगमात खुपसली.

"ही पृथ्वी, आणि सुई म्हणजे आस. थोडा तिरका. दिवसाला एक गिरकी."

"सुई धुऊन द्यायची," मी म्हटलं.

"मंगळही जवळपास असाच. जरा सुस्त. आणि हा गुरू." त्यानं टोपलीतला सगळ्यात मोठा बटाटा उचलला. "सगळ्यांत अवाढव्य, पण दहा तासांत गरकन फिरतो. इतक्या वेगानं, की कमरेला फुगलाय."

"फिरून पोट सुटतं? मग आपले पाद्रीबाबा कधी फिरले?"

वोबे पेजेचा घास नाकातून बाहेर येईपर्यंत हसला. मग म्हणाला, "आणि शुक्र?"

"शुक्राचं कुणालाच माहीत नाही. ढगांची गोधडी अंगावर ओढून बसलाय. आत कसा फिरतो ते कुणी पाहिलेलं नाही."

"शहाणा आहे," मी म्हटलं. "तूही तसाच बस."

आता शेजारची शाळकरी पोर सांगते, शुक्राचंही कळलं म्हणे. उलटा फिरतो, आणि असा रेंगाळत, की त्याची एक गिरकी त्याच्या वर्षाहून लांब. असेल. मला त्या रात्रीचा लक्षात राहिला तो युरेनस. एव्हर्टनं सलगम आडवं केलं, आणखी थोडं कलवलं.

"हा आडवा पडून गडगडत जातो. आडव्याहूनही जास्त, डोकं थोडं खालीच. म्हणून काही म्हणतात, हा उलटा फिरतो. काही म्हणतात, फिरतो सगळ्यांसारखाच, फक्त पालथा झालाय. दोन्ही खरं."

"दोन्ही खरं, हे वकिलाचं बोलणं."

"बघा तर आजीबाई." त्यानं सुई बोटांत धरून सलगम फिरवलं आणि फिरवता फिरवताच सुईचं वरचं टोक खाली केलं. "मी फिरवणं बदललं नाही. आस तेवढा उलटवला. काय दिसतं?"

"उलटं," वोबे म्हणाला. त्याचं हसू गेलं होतं. "चक्कीचं असंच आहे. पातं जिथल्या तिथे ठेवून नुसती टोपी फिरवली, तर चर्चकडे झुकलेलं पातं पलीकडे झुकतं. 'ये'चं 'येऊ नको' होतं."

"आणि 'येऊ नको'चं 'ये'," एव्हर्ट म्हणाला, आणि सलगम टोपलीत ठेवून दिलं.

हिवाळा गेला, पुढचा ऑगस्ट सरत आला होता. पूर्वेचा कोमट वारा होता, चक्कीचं तोंड पूर्वेला, वोबे राय, आमच्या काळ्या भाकरीचं धान्य, दळत होता. दुपारी बांधावरच्या रस्त्यावर धूळ दिसली. धुळीत दोन ट्रक. मी अंगणातून ओरडले. वोबेनं ब्रेकचा दोर खेचला, आणि पाती थांबता थांबता वरचं पातं उत्तरेला झुकतं ठेवलं. येऊ नकोस. ट्रक फाटकातून आत येईपर्यंत तो पीठ झटकत दारात उभाही राहिला होता.

त्यांचा अधिकारी तरुण होता, मानेवर गळवं आलेला. त्याला कुणीतरी आधीच सांगून ठेवलं होतं, की या देशात चक्क्या बोलतात. खाली उतरल्या उतरल्या त्यानं खालचं पातं साखळीनं खुंटाला बांधायला लावलं.

"ही पाती वीतभर जरी हलली," तो वोबेला म्हणाला, "तर मी तुला त्या भिंतीशी उभा करीन. समजलं?"

मग त्यांनी पिठाच्या पोत्यांत संगिनी खुपसल्या. माझ्या पलंगाखाली बघितलं. विहिरीत कंदील सोडला. काही मिळालं नाही, तरी गेले नाहीत. ट्रक गोठ्याआड लपवले, माणसं खिडक्यांशी बसवली. तेव्हा मला कळलं. शोधायला आलेला माणूस शोधून जातो. हे वाट बघायला आले होते. कुणीतरी चुगली केली होती, की संध्याकाळी इथे कुणी जेवायला येतं.

त्यांच्यात एक उतारवयाचा शिपाई होता, हिनर्क. सरहद्दीपलीकडचा, त्याची बोली आमच्यापासून फार लांब नव्हती. तो थेट शेपटाच्या तुळयांपाशी गेला आणि तळव्यानं लाकूड चाचपू लागला, घोड्याची मान चाचपतात तसं.

"ओक?" त्यानं विचारलं.

"नाही, पुठ्ठा," मी म्हटलं.

तो हसला. "माझा बाप चक्कीवालाच होता, काकू."

"मग बापाचं नाव खराब करून इथे काय करतोयस?"

त्यानं हात तुळईवरून काढून घेतला. उन्हं कलल्यावर मी आतून कॉफी म्हणून भाजलेल्या चिकरीचं पाणी आणलं. सगळ्यांना दिलं, त्याला शेवटी. त्यानं कप घेतला आणि पिता पिता थांबला.

वारा पडला होता. पान हलत नव्हतं. तळ्यावरची बदकं गप्प झाली होती. पश्चिमेला, बोरूच्या मागे, आभाळ खालपासून निळंजांभळं होत वर चढत होतं, आणि त्याची कड पांढरी, दुधावर साय धरते तशी.

"काकू, तिकडे बघा."

"डोळे आहेत मला."

"चक्कीची पाठ आहे तिकडे."

हे त्यानं मला सांगायची गरज नव्हती. चक्कीच्या घरात जन्मलेलं पोर चालायला शिकण्याआधी हे शिकतं. वारा समोरून आला, कितीही आला, तर ब्रेक चाकाला घट्ट धरतो. मागून आला तर पाती उलटी फिरायला बघतात, आणि ब्रेक त्या बाजूनं धरत नाही, नुसता घासतो. लाकडावर लाकूड घासून धूर, धुरातून आग. नाहीतर टोपीच उखडून जाते, आस, पाती, सगळं घेऊन. वाऱ्याकडे पाठ करून वादळाला उभी राहिलेली चक्की मी एकदाच बघितली होती, लहानपणी. दुसऱ्या दिवशी तिथे फक्त विटा होत्या.

वोबे अधिकाऱ्याकडे गेला, टोपी हातात घेऊन.

"साहेब, वादळ येतंय. चक्की वळवायला हवी. आणि पाती सोडून नीट लावायला हवीत."

अधिकाऱ्यानं हिनर्ककडे बघितलं. हिनर्कनं मान हलवली.

"वळव," अधिकारी म्हणाला. "पण पात्यांची साखळी पुन्हा लगेच तशीच बांधायची, माझ्या डोळ्यांसमोर. टोपीचं तोंड हवं तिकडे कर. पाती आहेत तशीच राहतील. एक बोटभर हललेलं मला चालणार नाही."

तो शहाणा होता, पण त्यानं कुणाच्या हातात सलगम फिरताना बघितलेलं नव्हतं.

वोबे माझ्याकडे आला. मी विहिरीशी बादली ओढत होते. त्यानं दोर माझ्या हातातून घेतला, म्हणजे आम्ही दोघं पाठमोरे झालो.

"आई, ऐकलंस ना?"

"ऐकलं. वळवलीस तर पातं चर्चकडे जाईल."

"मला माहीत आहे."

"तो बघेल आणि येईल."

"मला माहीत आहे!" त्याचा आवाज दातांतून येत होता. "वादळात तो यायचा नाही. होडीत दबून बसेल."

"वादळात भिजलेलं पोर घराकडेच धावतं, वोबे."

"अर्ध्यावर ठेवतो. उत्तरेला तोंड करून. आडवी."

"तो म्हातारा ठेवू देईल? चक्कीवाल्याचा पोर आहे. तो स्वतः जोर लावून पुरी वळवील. आणि नाही वळवली तर विचारील, का."

बादली वर आली होती, तरी तो दोर ओढतच होता. "आई, दीडशे वर्षं उभी आहे ती. बाबा तिच्यात मेले. मला दुसरं काय येतं? आणि तो कोण आपला? तूच म्हणतेस, फुकटखाऊ, काडीपैलवान, याला रायची काळी भाकरी पचत नाही. तूच म्हणतेस."

"मी म्हणते. माझं तोंड आहे, म्हणते."

"मग?"

मी बादलीकडे हात नेला. त्यानं बादली खाली ठेवली, पाणी माझ्या पायावर सांडलं, आणि तो रहाटाकडे चालू लागला. हिनर्कही बाही वर करत तिकडेच निघाला होता. दोन पुरुष होते, रहाट पाच मिनिटांत फिरला असता.

मी धावले नाही. धावले असते तर अधिकाऱ्यानं मान वर केली असती. चालत गेले, एप्रनला हात पुसत, आणि रहाटाच्या दांड्यावर जाऊन बसले. बाजारात बाकावर बसते तशी.

"उठ, आई," वोबे म्हणाला.

"नाही उठत."

"काकू, वेळ नाही," हिनर्क म्हणाला. "अहो, तो बघा, पांढरा पट्टा येतोय पाण्यावरून."

"माझ्या सासऱ्यानं सांगून ठेवलंय, या रहाटाला परक्याचा हात लागला तर घर बसेल. जर्मनाचा तर नाहीच नाही."

"मग मी हात लावत नाही. मुलाला लावू दे."

"तोही नाही. मी मालकीण आहे. अजून मेले नाही."

अधिकारी खिडकीतून ओरडला, काय चाललंय. हिनर्कनं त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं. खिडक्यांतले शिपाई हसले. त्यातला एक माझ्यासारखं तोंड करून दाखवत होता. हसू दे. त्यांनी मला खुळी म्हातारी समजावं, एवढीच माझी गरज होती. आयुष्यभर मी हट्टी, तोंडाळ, कुणाचं न ऐकणारी म्हणून सगळ्या मुलखात बदनाम होते. त्या दिवशी ती बदनामी कामाला आली.

हिनर्क माझ्यासमोर उकिडवा बसला. घाम त्याच्या मिशीत थांबला होता.

"माझ्या बापाची चक्की अशीच गेली, काकू. मी खाली उभा होतो. उलटी फिरायला लागली की तिचा आवाज वेगळा येतो. तो आवाज तुम्हाला ऐकायचा नाही. मला पुन्हा ऐकायचा नाही."

"कानात बोटं घाल."

तो वोबेकडे वळला. "तू आईला उचल. मी ओढतो."

वोबे माझ्यासमोर उभा होता. हात त्यानं पुढे केले. माझ्या काखेत घातलेही. मी त्याच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर विनवणी केली असती, आणि ती मला जमत नाही. त्याचे हात तिथेच राहिले, पीठ लागलेले. मग त्यानं ते काढून घेतले. रहाटाची साखळी काढली, खांद्यावर टाकली, आणि जाऊन खंदकात फेकून दिली.

"तू वेडा आहेस?" हिनर्क ओरडला.

"आईवर गेलोय," वोबे म्हणाला.

तेवढ्यात पहिला तडाखा आला. पाऊस नव्हता, नुसता वारा. तळ्यातला बोरू एका बाजूला झोपला, गोठ्याचं दार निखळून अंगणातून उडत गेलं. अधिकाऱ्याची टोपी गेली. पात्यांची साखळी ताणली, सुटी झाली, पुन्हा ताणली. लोखंड असं वाजत होतं, की दात शिवशिवले. वोबे मला ओढत विहिरीच्या कठड्याआड घेऊन गेला. दुसऱ्या तडाख्याला खुंट जमिनीतून उपटला.

पाती उलटी फिरू लागली.

सुरुवातीला हळू, जणू चक्कीलाच पटत नव्हतं. मग भरभर. आवाजाबद्दल हिनर्क खोटं बोलला नव्हता. घोडा खोल चिखलात रुतून ओरडतो, तसा, पण लाकडाच्या तोंडातून. टोपीखालच्या फटींतून धूर आला. मग ठिणग्या, वाऱ्यानं शाकारणीवर पसरलेल्या. बोरू कोरडा होता, सगळा उन्हाळा तापलेला. पातं मोडून घराच्या छपरावर आलं. शिपाई घराबाहेर पळाले. अधिकारी त्यांना आग विझवायला सांगत होता, पण कशानं विझवणार, आणि ते ऐकत नव्हते. वोबे माझ्या शेजारी बसून होता, गुडघ्यांवर कपाळ टेकून. त्यानं एकदाही वर बघितलं नाही. मी बघितलं. कुणीतरी बघायला हवं होतं.

मग पाऊस आला, पण जाळण्यासारखं फारसं उरलं नव्हतं.

हिनर्क चिंब भिजलेला माझ्याजवळ येऊन उभा राहिला. तो चक्कीकडे बघत नव्हता. तो शेपटाच्या जळक्या तुळयांकडे बघत होता, मग चर्चच्या मनोऱ्याकडे, मग जळून खाली आलेल्या टोपीकडे. हातानं त्यानं हवेत काहीतरी वळवून बघितलं, मनगट एकदा इकडे, एकदा तिकडे. मग त्यानं तळ्याकडे तोंड केलं.

"काकू," तो अगदी हळू म्हणाला, "तिकडे कोण आहे?"

"पाऊस," मी म्हटलं.

त्यानं मिशीवरचं पाणी पुसलं. मग अधिकाऱ्याकडे गेला आणि काहीतरी बोलला. काय, ते मला कळलं नाही. अधिकाऱ्यानं माझ्याकडे बघितलं, तळ्याकडे बघितलं, आणि मानेवरच्या गळवावरून हात फिरवला.

सकाळी ते निघून गेले. एवढी आग साऱ्या मुलखानं पाहिली होती, आता कोण येणार होतं त्यांच्या सापळ्यात? जाताना अधिकाऱ्यानं वोबेकडून लिहून घेतलं, की वीज पडली. पुन्हा येऊ, असंही सांगून गेला.

एव्हर्ट दोन दिवसांनी आला, भर दुपारी, कंबरेपर्यंत चिखलात भरलेला. त्याला आता काही खूण नव्हती. तो आपला आला. विटांच्या त्या काळ्या जोत्याशी थांबला आणि तोंड उघडलं.

"बोलायचं नाही," मी म्हटलं. "एक शब्द बोललास तर तळ्यात परत."

वोबे आत होता, राखेतून जात्याचा दगड मोकळा करत. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नव्हता. त्यानं एव्हर्टकडे बघितलं. मला वाटलं, पहार फेकून मारतो की काय.

"त्या बाजूनं धर," वोबे म्हणाला. "पाठ वाकवून नको, मोडशील. गुडघ्यांतून उचल."

एव्हर्टनं धरलं. दगड हलला नाही. त्यांनी पुन्हा जोर लावला.

हिनर्क त्या रात्री काय बोलला होता, तळ्याचं सांगितलं की झाकलं, ते मला अजून माहीत नाही. त्या क्षणीही नव्हतं. बांधावरचा रस्ता रिकामा होता, आणि रिकामा रस्ता मला आवडत नव्हता. मी दोघांकडे पाठ केली, रस्त्याकडे तोंड करून उभी राहिले, आणि त्यांना म्हटलं, हळू बोला, आणि लवकर उचला.